खोल छाती, आजारी हृदय

कान्हे फाट्यावरून रेल्वे ओलांडली की टाकवे, वडेश्वर करत रस्ता आंदर मावळात शिरतो. त्या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवरून डॉक्टरकडे निघालेल्या माणसाचा पहिला थांबा बऱ्याचदा कान्ह्याचं सरकारी रुग्णालय हाच असतो. पुढं वडगाव, तळेगाव, पिंपरी आणि शेवटी पुणं. हृदयावरची शस्त्रक्रिया पुण्यात किंवा मुंबईत होते, हे खरं. पण काही रुग्णांच्या बाबतीत त्या शस्त्रक्रियेचं भवितव्य फार आधी, गावातच ठरतं. मुलाचा सदरा काढून त्याच्या छातीकडे कुणी नीट पाहिलं की नाही, यावर ते ठरतं.

इथं विषय आहे तो छातीचा पिंजराच वेडावाकडा असलेल्या माणसांचा. छातीत खड्डा आहे, किंवा छाती पुढं आलेली आहे, किंवा पाठीच्या कण्याला बाक आहे, आणि त्यातच हृदयावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर काय करायचं? छाती आधी सरळ करायची की हृदय आधी दुरुस्त करायचं? की दोन्ही एकाच वेळी? हा प्रश्न हृदयशल्यचिकित्सेत अनेक दशकं चर्चेत आहे. त्याची उत्तरं बदलत गेली आहेत आणि काही बाबतीत आजही एकमत नाही. आपल्याकडे मात्र तो प्रश्न ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच दोन गैरसमजांत अडकतो. पहिला गैरसमज घरातला: छातीतला खड्डा म्हणजे फक्त दिसण्याचा दोष, पोरगं मोठं झालं की भरून येईल. दुसरा त्याच्या नेमका उलट: अशी छाती असली की हृदयाचं ऑपरेशन होतच नाही. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे माणसं उशिरा येतात.

छातीच्या विकृतींत सर्वांत जास्त आढळते ती खोल छाती. डॉक्टर तिला पेक्टस एक्स्कव्हेटम म्हणतात. छातीच्या मधलं चपटं हाड, म्हणजे उरोस्थी, आणि तिला बरगड्यांशी जोडणाऱ्या कूर्चा आत दबतात आणि मधोमध खळगा पडतो. साधारण ३०० ते ४०० जन्मांमागे एक, असं तिचं प्रमाण सांगितलं जातं, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत ती तीन ते पाच पट जास्त दिसते. २०११ च्या जनगणनेत मावळ तालुक्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी वर होती. हेच प्रमाण धरलं तर एकट्या मावळात अशी हजाराच्या आसपास माणसं निघतील. म्हणजे ही काही लाखात एखादी दिसणारी गोष्ट नव्हे. विहिरीवर पोहायला जाताना सदरा न काढणारा, व्यायामशाळेत पाऊल न टाकणारा एखादा मुलगा बहुतेक प्रत्येक मोठ्या गावात असतो.

याच्या उलट, उरोस्थी पुढं आलेली असली तर तिला पेक्टस कॅरिनेटम म्हणतात. एका बाजूचा छातीचा स्नायू आणि कधीकधी त्याखालच्या बरगड्याही जन्मतः नसणं, म्हणजे पोलंड सिंड्रोम, हे त्याहून दुर्मीळ. मुडदुसामुळे वेडीवाकडी झालेली छाती एकेकाळी खेड्यापाड्यांत सर्रास दिसायची, अजूनही अधूनमधून दिसते. आणि पाठीचा कणा एका बाजूला वळलेला किंवा कुबड आलेलं असलं तर पिंजरा पुढून सरळ दिसूनही आतली जागा कमी झालेली असते. जन्मतःच उरोस्थी जोडलेली नसणं आणि हृदय छातीच्या बाहेर असणं, हे या सगळ्याचं टोक. त्या प्रकारातलं यशस्वी ऑपरेशन १९७५ साली अमेरिकेत एव्हरेट कूप यांनी केलं. आपल्याकडे २००९ साली दिल्लीच्या एम्समध्ये बाहेर हृदय असलेल्या नवजात बाळावर शस्त्रक्रिया झाली होती. अशी बाळं फार थोडी. या लेखाचा मुख्य विषय ती नाहीत, तर शाळेत जाणारी, शेतात राबणारी, चारचौघांसारखी दिसणारी माणसं आहेत.

खळगा किती खोल आहे हे मोजायचं एक साधं गणित १९८७ साली जे. ॲलेक्स हॅलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं. सीटी स्कॅनमध्ये छातीची आडवी रुंदी घ्यायची आणि तिला उरोस्थी ते पाठीचा मणका या सर्वांत कमी अंतरानं भागायचं. रुंदी २६ सेंटिमीटर आणि अंतर १० सेंटिमीटर असेल तर आकडा येतो २.६, जो साधारण निरोगी माणसाचा. तेच अंतर साडेसहा सेंटिमीटर असेल तर आकडा होतो ४. सव्वातीनच्या पुढं, नेमकं सांगायचं तर ३.२५ च्या पुढं, विकृती तीव्र मानतात. साडेसहा सेंटिमीटर म्हणजे तळहाताच्या रुंदीपेक्षाही कमी जागा, आणि तेवढ्यात हृदय बसवायचं असतं. अर्थात ते बसत नाही. ते डावीकडे सरकतं, थोडं फिरतं, आणि उजवा कप्पा पुढून दाबला जातो. पळताना, चढ चढताना दम लागतो तो यामुळे. ईसीजीवरही याच्या खुणा उमटतात आणि त्या पाहून नसलेला हृदयविकार आहे असं वाटू शकतं. इको काढताना सोनोग्राफीचा प्रोब नेहमीच्या जागी ठेवला तर चित्र नीट दिसत नाही. तो डावीकडे, काखेच्या बाजूला सरकवावा लागतो. घाईत काढलेला इको अशा माणसाच्या बाबतीत फसवा असतो, हे रुग्णानंही लक्षात ठेवावं.

छाती आणि हृदय यांचं नातं मात्र एवढ्यावर संपत नाही. विकृत छाती हृदयाला दाबते हा त्यातला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात हृदयच छातीला आकार देतं. जन्मतः हृदयाच्या पडद्याला मोठं भोक असलेल्या बाळाचं हृदय वाढत जातं, आणि लहानपणी बरगड्या मऊ असल्यानं डाव्या बाजूनं छाती फुगीर होते. अशा मुलाला वारंवार सर्दी-खोकला होतो, न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही. श्वासाच्या सततच्या ओढीनं खालच्या बरगड्यांच्या रेषेत आडवी खाचही पडते. घरची मंडळी खोकल्यावर औषध करत राहतात. छातीच्या डाव्या बाजूचा तो फुगवटा पाहिला असता तर वर्षभर आधी इको झाला असता, असं मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ अनेकदा सांगतात. तिसरा प्रकार म्हणजे लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलांची छाती, जी वाढीच्या वयात कधी आत दबते, कधी पुढं येते.

चौथा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यात छाती आणि हृदय एकमेकांना बिघडवत नाहीत. दोघांचं मूळच एक असतं. मार्फान सिंड्रोम हे त्याचं ठळक उदाहरण. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली लांबसडक, बारीक हातापायांची एक मुलगी नोंदवली, त्यावरून हे नाव पडलं. शरीरातल्या सगळ्या जोडऊतींना ताकद देणारं फायब्रिलिन नावाचं प्रथिन या माणसांत सदोष असतं. त्याचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. प्रथिन सदोष असल्यानं हाडं लांब वाढतात, बरगड्या लांबतात आणि उरोस्थीला आत किंवा बाहेर ढकलतात, डोळ्यातलं भिंग सरकतं. आणि हृदयातून निघणारी महाधमनी मुळाशी हळूहळू फुगत जाते. फुगता फुगता एक दिवस तिच्या भिंतीचे थर सुटतात. तोवर या माणसाला छातीत काही दुखलेलंही नसतं.

मार्फानचं प्रमाण साधारण ५,००० माणसांत एक. मावळच्या लोकसंख्येला ते लावलं तर पाऊणशे माणसं. त्यांतल्या किती जणांना आपल्याला हे आहे याची कल्पना असेल? उंच, सडपातळ, लांब बोटांचा, जाड चष्म्याचा, छातीत खड्डा असलेला मुलगा गावात कबड्डीपटू म्हणून किंवा पोलीस भरतीच्या तयारीतला म्हणून ओळखला जातो. घरात कुणीतरी तरुणपणी अचानक गेलेलं असतं आणि त्याचं कारण झटका असं सांगितलेलं असतं. हे दोन धागे जोडणारं कुणी भेटलं तर त्या मुलाचा इको होतो. महाधमनीचा व्यास ५ सेंटिमीटरपर्यंत पोचला की ऑपरेशनचा विचार होतो. घरात महाधमनी फाटल्याचा इतिहास असेल तर त्याही आधी. तोवर रक्तदाब आणि धडधडीचा जोर कमी ठेवणारी गोळी रोज घ्यायची असते आणि महाधमनीचं माप दरवर्षी काढायचं असतं.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्फान असलेल्यांचं मृत्यूचं सरासरी वय ३२ निघालं होतं. आज वेळेवर निदान आणि शस्त्रक्रिया झालेली माणसं सत्तरीपर्यंत जगतात. हा फरक घडवला तो मुख्यतः एका ऑपरेशननं. लंडनच्या ह्यू बेन्टॉल यांनी १९६८ साली फुगलेली महाधमनी आणि तिची झडप एकत्र काढून त्या जागी झडप बसवलेली कृत्रिम नळी शिवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण त्यावरून परळच्या एका महापालिका रुग्णालयाची हृदयशल्यचिकित्सा तेव्हा कुठवर पोचली होती हे कळतं. पुढं टोरंटोच्या टिरोन डेव्हिड यांनी रुग्णाची स्वतःची झडप राखून फक्त धमनी बदलायची पद्धत १९९२ मध्ये मांडली. तरुण रुग्णाला आयुष्यभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या नकोत, आणि खेड्यातल्या रुग्णाला महिन्या-महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला खेटे नकोत, म्हणून मला ही पद्धत आपल्याकडे विशेष मोलाची वाटते. मात्र ती सरावलेल्या हातांनीच करायची गोष्ट आहे.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेकडे येऊ. हृदयापर्यंत पोचायचा नेहमीचा रस्ता म्हणजे उरोस्थी मधोमध उभी कापणं. ही पद्धत १८९७ मध्ये मिल्टन यांनी सुचवली आणि १९५७ नंतर हृदयशल्यचिकित्सेत रुळली. सरळ छातीच्या माणसात उरोस्थी उघडली की हृदय समोर असतं. खोल छातीच्या माणसात तसं नसतं. हाडाची मागची बाजू हृदयाला टेकलेली असते, त्यामुळे करवत चालवतानाच उजव्या कप्प्याला किंवा फुगलेल्या महाधमनीला इजा व्हायचा धोका असतो. हाड उघडल्यावर दिसतं की हृदय डाव्या कुशीत खोल जाऊन बसलं आहे. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या महाधमनीत आणि उजव्या कप्प्यात घालायच्या तर जागा अरुंद. मायट्रल झडप तर आणखी आत, आणि तिच्याकडे बघायचा कोनही बदललेला.

यावर उपाय आहेत, आणि ते सगळे आधीच्या तयारीचे आहेत. सीटी स्कॅन करून हाड, हृदय आणि रक्तवाहिन्या यांची नेमकी अंतरं मोजायची. धोका दिसला तर छाती उघडण्यापूर्वीच जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून मशीन जोडून ठेवायचं. काही शल्यचिकित्सक हाड मधोमध न कापता थोडं बाजूनं कापतात. काही जण झडपेसाठी उजव्या बाजूच्या बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून जातात. हृदय डावीकडे सरकलेलं असताना उजवीकडून जाणं अवघड असतं. तरी निवडक रुग्णांत ते होतं. मात्र ज्या विभागात अशी छाती वर्षानुवर्षांत एखादीच येते, तिथं हे प्रयोग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. अशा रुग्णाला अनुभवी केंद्राकडे पाठवण्यात कुणाचाही कमीपणा नाही.

छाती बंद करणं हा दुसरा कसोटीचा क्षण, आणि याबद्दल रुग्णांना फारसं सांगितलं जात नाही. तास-दोन तास मशीनवर राहिलेलं हृदय सुजलेलं असतं. उघड्या छातीत ते ऐसपैस असतं. आत दबलेली उरोस्थी तारांनी पुन्हा जोडली की त्याच्यावर दाब येतो आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. बायपास केला असेल तर नव्या जोडलेल्या वाहिन्या चेमटायची भीती. महाधमनीची नळी बसवली असेल तर तिच्यावर हाड टेकायची भीती. कधीकधी छाती तात्पुरती उघडी ठेवून सूज उतरल्यावर बंद करावी लागते. इथंच तो मुख्य प्रश्न समोर येतो: हाड उघडलंच आहे, तर ते सरळ करूनच बंद करायचं का?

खोल छाती सरळ करायच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. बाल्टिमोरचे मार्क रॅव्हिच यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत वाकड्या कूर्चा काढून टाकतात, उरोस्थीला आडवा काप देऊन ती वर उचलतात आणि आधार देतात. व्हर्जिनियाचे डोनाल्ड नस यांनी १९८७ पासून वापरलेल्या आणि १९९८ मध्ये जगासमोर ठेवलेल्या पद्धतीत हाड किंवा कूर्चा कापत नाहीत. बाकदार धातूची पट्टी दोन्ही बाजूंच्या छोट्या छेदांतून उरोस्थीच्या मागून सरकवतात आणि फिरवतात, तसं हाड बाहेर येतं. पट्टी साधारण तीन वर्षं आत ठेवून मग काढतात. रॅव्हिचची पद्धत मोठी, पण कोणत्याही वयात चालते. नसची पद्धत वाढीच्या वयातल्या लवचीक छातीत सर्वांत सोयीची. मोठ्या माणसातही करतात, पण वेदना जास्त आणि पट्ट्याही एकापेक्षा जास्त लागू शकतात.

हृदय आणि छाती एकाच वेळी करायला जुन्या पिढीचा विरोध होता आणि त्यामागं कारणं होती. हार्ट-लंग मशीनसाठी रक्त पातळ करावं लागतं, त्यात कूर्चा काढलेल्या मोठ्या पृष्ठभागांतून रक्त झिरपत राहतं. ऑपरेशन लांबतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. बायपाससाठी छातीच्या आतली धमनी काढून घेतली असेल तर उरोस्थीचा रक्तपुरवठा आधीच निम्म्यावर आलेला असतो. त्यात कूर्चा काढल्या तर हाड भरून यायलाच अडचण. दोन वेळा करण्यातही तोटे आहेत. हृदय आधी करून छाती तशीच ठेवली तर बंद करतानाचा दाब राहतो, आणि पुढं छाती करायची वेळ येते तेव्हा उरोस्थीच्या मागं हृदय चिकटून बसलेलं असतं. नसची पट्टी त्याच जागेतून सरकवायची असते. एकदा हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसात ही पट्टी सरकवताना हृदयाला छिद्र पडल्याच्या घटना जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. त्यामुळे असं काम आता उरोस्थी वर उचलून धरून, दुर्बिणीनं पाहत, चिकटलेले भाग सोडवत आणि हृदयशल्यचिकित्सक शेजारी उभा असतानाच केलं जातं. छाती आधी करून हृदय नंतर, हा क्रम फक्त हृदयाला थांबायला वेळ असेल तरच.

गेल्या काही दशकांत एकाच वेळी दोन्ही करण्याकडे कल वाढला आहे. हृदयाचं काम संपवून, मशीन काढून, रक्त गोठू लागल्यावर मग उरोस्थी सरळ करायची, कधी रॅव्हिचच्या पद्धतीनं, कधी बंद करतानाच मागं पट्टी ठेवून. अहवाल उत्साहवर्धक आहेत. पण वाचकानं हेही जाणून घ्यावं की ते एकेका रुग्णाचे किंवा लहान गटांचे आहेत. शेकडो रुग्णांची दोन गटांत विभागणी करून तुलना झाली आहे, असं या विषयात घडलेलं नाही, आणि आजार इतका विखुरलेला की ते घडणंही कठीण. म्हणून ‘एकत्रच करा’ किंवा ‘वेगवेगळंच करा’ असं ठामपणे सांगणाऱ्या कोणाहीपेक्षा, तुमच्या सीटी स्कॅनवर बोट ठेवून कारण सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवावा. जिवाला आधी धोका कशाचा आहे, यावरून क्रम ठरतो. फुगलेली महाधमनी थांबत नाही. खळगा थांबू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत गणित वेगळं आहे आणि बरंचसं सोपंही. वरच्या कप्प्यांच्या पडद्यातलं भोक योग्य जागी आणि योग्य आकाराचं असेल तर जांघेतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन बंद करता येतं. छाती उघडावीच लागत नाही. मग खळग्याचा विचार निवांतपणे बारा-पंधराव्या वर्षी करता येतो. फार लहानपणी कूर्चा काढल्या तर छातीची वाढ खुंटते, आणि मार्फानसारख्या आजारात खळगा पुन्हा पडण्याची शक्यताही जास्त. त्यामुळे घाई करणाऱ्यांना आवरावं लागतं. सौम्य खळग्यासाठी छातीवर बसवायची रबरी पोकळ वाटी आणि पंप वापरून हाड हळूहळू वर ओढायची पद्धतही आहे, आणि पुढं आलेल्या छातीला पट्ट्यानं दाबून आकार देता येतो. दोन्हींना महिनोनमहिने चिकाटी लागते आणि छाती कोवळी असेपर्यंतच उपयोग होतो.

कण्याला बाक असलेल्यांची अडचण हाडापेक्षा श्वासाची असते. बाक शंभर अंशांच्या पुढं गेला की फुप्फुसांना जागाच उरत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर व्हेंटिलेटरवरून उतरणं हीच मोठी लढाई होते. भूलतज्ज्ञ त्यांची फुप्फुसांची चाचणी आधी पाहतो ती यासाठी. साठ-सत्तर वर्षांपूर्वी क्षयासाठी बरगड्या काढलेले जुने रुग्णही याच वर्गात येतात; औषधं नसताना फुप्फुस दाबून बसवण्यासाठी तसं करत. आता त्यांतले फार थोडे उरले आहेत. वयस्क रुग्णाची महाधमनीची झडप अरुंद झाली असेल तर २००२ पासून जांघेतून नवी झडप बसवायची सोय झाली आहे, आणि वाकड्या छातीच्या म्हाताऱ्या माणसाला तिचा खरा दिलासा आहे. मार्फानच्या तरुणाला मात्र जांघेतून बसवायच्या जाळीच्या नळ्या सहसा चालत नाहीत, कारण त्याच्या धमनीची भिंतच कमकुवत असते.

श्वासाचा विषय निघाला की लोणावळ्याच्या कैवल्यधामचं नाव मावळात घेतलं जाणारच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था काढली आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो ते क्ष-किरणांनी आणि प्रयोगशाळेत तपासायचा पायंडा पाडला. त्याच शोधक वृत्तीनं सांगायचं तर: श्वसनाच्या व्यायामांनी बरगड्यांमधले स्नायू आणि श्वासपटल बळकट होतात, बसायची-उभं राहायची ढब सुधारते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेआधी केलेली ही तयारी नंतर फुप्फुसात कफ साचणं कमी करते. रुग्णालयात तीन गोळ्यांचं, श्वास आत ओढायचं यंत्र हातात देतात ते याचसाठी. पण आत दबलेलं हाड प्राणायामानं बाहेर येत नाही. तसं आश्वासन देऊन पैसे घेणाऱ्यांपासून, मग ते व्यायामशाळेतले असोत की शिबिरातले, पालकांनी दूर राहावं. मार्फानच्या मुलानं तर वजनं उचलणं आणि श्वास कोंडून जोर लावणं टाळायलाच हवं.

पैशांची बाजू पूर्वीइतकी अंधारी नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावानं चालणारी राज्याची योजना हृदयाच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. कुटुंबामागं संरक्षण आता ५ लाखांपर्यंत आहे. खारघरचं श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य करतं, आणि मावळातून ते द्रुतगती मार्गानं घाट उतरला की गाठता येतं. म्हणजे रस्ता आहे. अडतं ते पहिल्या पायरीवर.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत जाऊन मुलं तपासतात. सुरुवातीला ठरलेल्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात हृदयविकार आहे, संधिवाताचा हृदयविकार आहे, मुडदूस आहे, वाकडी पावलंही आहेत. छातीच्या विकृतीला स्वतंत्र जागा नाही. ती मिळायला हवी. तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. सदरा काढायचा, समोरून आणि बाजूनं पाहायचं, पाठ वाकवून कणा पाहायचा, आणि खळगा किंवा फुगवटा दिसला तर एक इको लिहून द्यायचा. मुलींच्या बाबतीत पथकातल्या महिला डॉक्टरनं आडोसा करून हेच करावं, कारण लाजेपोटी सुटलेल्या मुलींची छाती नंतर कुणीच पाहत नाही. मावळातल्या शाळा, कान्हे-वडगावचे डॉक्टर आणि तळेगावचं वैद्यकीय महाविद्यालय यांनी ठरवलं तर ही एक तपासणी शासनाच्या आदेशाची वाट न पाहता इथंच सुरू करता येईल.

आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं आहे त्यांना एक विनंती. छातीत पट्टी असेल तर तसं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा: हृदय बंद पडलं तर छाती दाबायचीच, फक्त जोर जास्त लागेल, आणि शॉक देताना एक पॅड छातीवर व एक पाठीवर लावायचं. ऑपरेशनचा सविस्तर कागद, डिस्चार्ज कार्डापेक्षा वेगळा असतो तो, रुग्णालयातून मागून घ्या आणि सीटी स्कॅनच्या सीडीसोबत जपून ठेवा. दहा-वीस वर्षांनी तुमची छाती पुन्हा उघडायची वेळ आली तर हाडामागं काय आहे हे त्या डॉक्टरला त्याच कागदावरून कळणार आहे.